कोरडा काप

माझी बायको जाऊन आता तीन वर्षं होत आली. ती गेली तेव्हा लोक विचारायचे, काय झालं होतं? मी म्हणायचो, छातीचा आजार. बहुतेकांना तेवढं पुरायचं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचो, धूळ गेली छातीत. आमच्या नगरकडच्या कर्जत तालुक्यात उन्हाळा लागला की धूळ कुणाच्या छातीत जात नाही? त्यामुळं ऐकणारा मान हलवायचा आणि विषय तिथंच संपायचा. ती धूळ कुठली होती आणि कुणी उडवली होती, हे मी कधी सांगितलं नाही. ते इथं सांगतो.

आमचं गाव मिरजगावपासून सहा-सात किलोमीटर आत. जमीन आहे, पण मुरमाड. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर तीही नाही. लग्नानंतर दोन हंगाम आम्ही ऊस तोडायला गेलो. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या गड्याला कुणी नेत नाही. मी बारावी झालेला, ती सातवी. दुसऱ्या हंगामात ती पोटुशी होती, आणि दिवस भरत आले तरी डोक्यावर मोळ्या वाहत होती. मुलगी फडाशेजारच्या खोपीतच झाली. घरी परत आलो तेव्हा तिनं चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता सांगितलं, "पुढल्या साली मी न्हाई यायची. तुमी जायचं तर जा."

एकट्यानं कुठं जाणार? मी घरी बसलो. ती मात्र बसली नाही. मिरजगावला हायवेच्या कडेला एका व्यापाऱ्याचं मोठं गोदाम बांधायला काढलं होतं, तिथं ओल्या काँक्रीटवर पाणी मारायच्या कामाला ती जाऊ लागली. जमिनीचं पाणी मारून झालं, भिंतींचं सुरू झालं, आणि दोन-अडीच महिन्यांनी तिथं नगरहून एक मिस्त्री आले. साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, गुडघ्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. काँक्रीटच्या जमिनीत जे सरळ काप मारलेले असतात ते भरायचं त्यांचं काम होतं. त्या दिवशी त्यांचा माणूस लग्नाला गेला होता म्हणून ते एकटेच जमिनीवर बसून पिचकारीसारख्या गननं कापात केमिकल सोडत होते. ही बाजूला उभी राहून बराच वेळ बघत राहिली, आणि मग म्हणाली, "चाचा, मी करून बघू का?"

"ह्ये काय सडा मारायचं काम हाय का, बेटी?"

"न्हाई, पण मी कुरडया घालते की. दाब सारखा ठिवायचा आन् हात थांबवायचा न्हाई. तसंच दिसतंय ह्ये."

चाचांनी काय विचार केला कुणास ठाऊक, गन तिच्या हातात दिली. तिनं एक अख्खी ओळ न थांबता भरली. चाचांनी जमिनीला गाल टेकवून त्या ओळीवरून नजर टाकली, उठले, दाढी झाडली आणि विचारलं, "नवरा काय करतो तुजा?"

"घरी बसून हाय."

"उद्या घिऊन ये त्याला. मशीन धरायला माणूस लागंल."

तान्ही लेक माझ्या आईपाशी ठेवून मी गेलो, आणि मला हे काम असं मिळालं. तिच्या हातामुळं. पुढं गावात मी सांगायचो की मी बायकोला कामाला लावलं, आणि ती शेजारी उभी असूनही काही बोलायची नाही.

काम समजायला मला वेळ लागला. काँक्रीट वाळताना आकसतं. एवढी मोठी सलग जमीन आकसली की ती कुठंतरी तडकणारच. चाचा म्हणायचे, "तडा जायचा त्यो जाणारच. आपण त्याला वाट दाखवायची." म्हणून जमीन ओतल्यावर दुसऱ्या दिवशी चाक लावलेल्या मशीननं तिच्यात ठरावीक अंतरावर सरळ काप मारायचे, जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढे खोल. मग तडा त्या कापाखालीच जातो, वर दिसत नाही. पण काप उघडे ठेवले तर मालाच्या गाड्यांची कडक चाकं त्यांच्या कडा फोडतात, म्हणून ते भरायचे. तेही लगेच नाही. जमिनीला पुरतं आकसू द्यायचं, निदान दोन महिने. घाईनं भरलं तर पुढं काप आणखी रुंदावतो आणि केमिकल एका बाजूनं सुटून येतं. मालकांना घाई असायची. चाचा त्यांच्याशी भांडायचे, कामं सोडायचे, पण दोन महिन्यांच्या आत गन हातात घ्यायचे नाहीत.

त्या दोन महिन्यांत कापात माती, सिमेंटचा गाळ, विड्यांची थोटकं, सगळं जाऊन बसतं. ते काढून कापाच्या दोन्ही भिंती पुन्हा कोऱ्या कराव्या लागतात, नाहीतर केमिकल धरत नाही. पहिला काप पाणी सोडून मारतात, त्याचा चिखल होतो, धूळ उडत नाही. साफ करायचा काप मात्र आम्ही कोरडा मारायचो. पाणी वापरलं की जमीन वाळायला दिवस जायचे, आणि ओल राहिली तर केलेलं काम फुकट जायचं. मी ग्राइंडर धरून पुढं सरकायचो, आणि माझ्या मागून ती ब्लोअर आणि झाडू घेऊन यायची. बंद शेडमध्ये, पत्र्याच्या छताखाली, दहा मिनिटांत असा पांढरा धुरळा व्हायचा की समोरची भिंत दिसायची नाही.

चाचांनी मला मास्क दिला होता. खरा मास्क, दोन्ही बाजूंना गोल डब्या असलेला, रबरी. त्यांनी तो पुण्याहून आणला होता. म्हणाले, "मशीन तुज्या त्वांडाम्होरं हाय. ह्ये घातल्याबिगर बटण दाबायचं न्हाई." मी त्यांचं ऐकलं. एक दिवसही चुकवला नाही. ती पदर नाकावरून फिरवून मागं खोचायची.

एकदा, कामाला लागून सहा-आठ महिने झाले असतील, मी तिला म्हटलं होतं, "तू घालतीस का जरा वेळ?" ती हसली. म्हणाली, "मला काय हुतंय? धूळ उडवताय तुमी, मी तर झाडतीय नुसती." मी बरं म्हणालो. आणि मास्क पुन्हा तोंडावर ओढला.

आम्ही नगरला केडगावात खोली घेतली. मुलगी तिथल्या शाळेत जाऊ लागली. नगरच्या एमआयडीसीत, सुप्याला, श्रीरामपूरला, संगमनेरकडं, जिथं शेड उभी राहील तिथं चाचांबरोबर आम्ही दोघं जायचो. ऊसतोडीच्या मानानं हे राज्य होतं. संध्याकाळी घरी यायचं, लेकीचा अभ्यास घ्यायचा, गॅसवर स्वयंपाक करायचा. काम तिला आवडत होतं. जिथं दोन काप एकमेकांना छेदतात तो चौक ती मला कधी भरू द्यायची नाही, म्हणायची, "तुमचा हात तितं अडखळतो." केमिकल थोडं वर येईल असं भरायचं आणि घट्ट झालं की रुंद पात्यानं जमिनीबरोबर तासून घ्यायचं. तासून झालं की ती डोळे मिटून ओळीवरून आडवं नख फिरवायची. नख कुठं अडकलं तर तेवढा तुकडा पुन्हा. एका दुधाच्या प्लांटमध्ये काम झाल्यावर माल उचलणारी गाडी आमच्या ओळींवरून पहिल्यांदा गेली, तेव्हा ती सगळं आवरायचं सोडून ऐकत उभी राहिली. गाडीच्या ड्रायव्हरला वाटलं बाई वाटेत आलीय, त्यानं हॉर्न दिला. ती बाजूला झाली आणि मला म्हणाली, "बगा, खट्ट झालं न्हाई."

एकदा भंडारदऱ्याला एका हॉटेलच्या मोठ्या हॉलचं काम निघालं होतं. दोन दिवसांचं. तिनं एवढं पाणी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काम लवकर संपलं तर ती धरणाच्या काठी जाऊन बसली आणि उठायलाच तयार होईना. तिच्या केसांवर, भुवयांवर अजून पांढरी धूळ होती. मी म्हणालो, "म्हातारी झालीस बघ." ती पण हसली. आमचा तो रोजचा विनोद होता. तो आठवला की मला जेवण जात नाही.

खोकला कधी सुरू झाला ते नक्की सांगता येणार नाही. कोरडा होता, येत-जात होता. त्या वर्षी थंडी जास्त होती, आम्ही थंडीला बोल लावला. मग खोलीचा जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायला लागली. एक दिवस पाण्याची कळशी भरून तिनं ती तिथंच ठेवली आणि नळापाशी बसून राहिली. अंग उतरलं, ब्लाउज ढगळ झाले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फोटोत दोन्ही बाजूंना डाग होते. थुंकी तपासली तर त्यात काही सापडलं नाही, पण ते म्हणाले, कधी कधी सापडत नाही, लक्षणं सगळी टीबीचीच आहेत. गोळ्या सुरू झाल्या.

टीबी म्हटल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर त्याच संध्याकाळी लेकीचे कपडे पिशवीत भरले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. "आजीकडं ऱ्हा थोडे दिस," असं सांगून दुसऱ्या दिवशी मला तिला गावी सोडायला लावलं, शाळा बदलायला लावली. गोळ्या देणारी नर्स म्हणाली होती की दोन-तीन आठवडे औषध पोटात गेलं की दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. पण बायकोच्या माहेरी तिची एक चुलती टीबीनं गेली होती आणि मागून चुलतीचा मुलगाही गेला होता. तिचा नर्सच्या बोलण्यावर विश्वास बसेना.

दर रविवारी आम्ही एसटीनं गावी जायचो. मुलगी ओट्यावर बसायची, आणि ही अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीला टेकून, तोंडाला पदर बांधून. मध्ये आमची शेळी बांधलेली. तिथून ओरडून ओरडून दोघींचं बोलणं चालायचं.

"पाढे किती झाले?"

"एकोणीसपातुर!"

"म्हन बरं!"

मुलगी पाढा म्हणायची. निम्म्यात हिला खोकल्याची उबळ यायची, मुलगी थांबायची, खोकला थांबला की पुढं म्हणायची. सुरुवातीला ती धावत यायला बघायची. ही हात वर करून तिथूनच दटावायची, "थांब! तितंच थांब!" चार-सहा रविवारांत मुलगी शिकली. नंतर नंतर ती ओट्याची पायरीसुद्धा उतरत नव्हती. असे आठ महिने गेले. आठ महिन्यांत तिनं लेकीला एकदाही हात लावला नाही.

आणि गोळ्यांचा काही उपयोग होत नव्हता. ती आणखी वाळत गेली. शेवटी चाचांच्या ओळखीच्या कुणी तरी सांगितलं म्हणून आम्ही पुण्याला सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी नवा फोटो काढला, आतून छाती दाखवणाऱ्या मोठ्या मशीनमध्येही घातलं, आणि सगळे कागद समोर ठेवून तिला विचारलं, "ताई, तुम्ही काम काय करता?"

तोवर आम्हाला हे कुणीही विचारलं नव्हतं.

मीच सगळं सांगितलं. काप, ग्राइंडर, ब्लोअर, बंद शेड. डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हा टीबी नाही. मला नाही वाटत कधी होता. काँक्रीट कापलं की त्यातल्या वाळूची, दगडाची अगदी बारीक धूळ उडते. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ. जी दिसत नाही ती छातीत खोल जाऊन बसते, तिच्याभोवती गाठी होतात. याला सिलिकोसिस म्हणतात."

"मग औषध?" मी विचारलं.

"दम कमी लागावा म्हणून देऊ. पण आत गेलेली धूळ बाहेर काढता येत नाही. हे बरं होणारं नाही. खोटं सांगून उपयोग नाही."

ती समोरचा फोटो बघत होती. मला वाटलं तिला नीट समजलं नसावं. मग तिनं विचारलं, "ह्ये एकाचं दुसऱ्याला लागतं का?"

"नाही. अजिबात नाही."

"म्हंजी माजी लेक जवळ आली असती तरी तिला काय झालं नसतं?"

"काहीच झालं नसतं."

तेव्हा ती रडली. बरं होणार नाही हे ऐकून नव्हती रडली. पदर तोंडात कोंबून, आवाज न करता रडली, आणि त्यानं तिला धाप लागली, तेव्हा डॉक्टरीण बाईंनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

ती सावरल्यावर बाईंनी पुढचं विचारलं. "मास्क वापरत होता का तुम्ही?"

"हो," मी म्हणालो.

"दोघंही?"

मी समोरच्या कागदांकडं बघू लागलो. बाई माझ्याकडं बघत होत्या. तेवढ्यात ही म्हणाली, "व्हय, मला बी हुता. मीच घालत नव्हते. गुदमारायचं त्यात."

"अहो ताई, असं कसं? दिला होता तर घालायचा ना. किती महत्त्वाचं असतं ते," बाई तिला रागावल्या. मनापासून, मायेनं रागावल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आणि मी बाजूच्या खुर्चीत बसून ते ऐकू दिलं. ती खोटं बोलतेय, असं मी म्हणालो नाही. मास्क एकच होता आणि तो माझ्या तोंडावर होता, असं मी म्हणालो नाही.

बाईंनी माझाही एक्स-रे काढायला लावला. माझी छाती स्वच्छ निघाली. फोटो हातात घेतल्यावर मला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणच, पण वाटलं. मग लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. शिरूर मागं पडल्यावर मी विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

तिनं खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाली, "तुमचं त्वांड बगवंना."

"पण..."

"आपल्याला कुटं ठावं हुतं? आता त्ये काडू नका. लेकीला आनायला कदी जायचं त्ये सांगा."

मी दुसऱ्याच दिवशी गावी गेलो आणि मुलीला घेऊन आलो. वाटेत तिला सगळं समजावलं, की आईला झालंय ते लागत नाही, आता जवळ गेलं तरी चालतं. तिनं हो हो म्हटलं. खोलीच्या दारात आलो तर ही भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही हात पुढं केलेले. मुलगी उंबऱ्यापाशी थांबली. तिचा पाय आत पडेना. म्हणाली, "आई, मी हितंच बसते. हितनं बी दिसतंय."

आईनं हात तसेच पुढं धरले होते. मग हळूहळू खाली घेतले. म्हणाली, "बस बाळा. तितं बस."

मुलगी आईच्या कुशीत झोपायला लागली त्याला तीन आठवडे लागले. आधी उंबरा, मग दाराआतला कोपरा, मग अंथरुणाचं पायथं. एक दिवस मी भाकऱ्या थापत होतो, मागं वळून बघितलं तर मुलगी आईच्या दंडाला नाक लावून झोपलेली, आणि ही टक्क जागी. अवघडल्यामुळं तिला धाप लागली होती, तरी हात हलवत नव्हती. मला डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नका म्हणून.

चाचा भेटायला आले. आले ते दारातच बसले, आत या म्हटलं तरी येईनात. टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "दोन आनाय पायजे हुते मी. दुकानदार म्हनला पन हुता, दोन घ्या म्हनून."

ती म्हणाली, "चाचा, तुमी काम दिलं नसतं तर मी उसातच मेले असते."

चाचांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. जाताना मला खाली बोलावून सांगितलं की कोरडा काप आता बंद. एकतर धूळ ओढून घेणारं मशीन ग्राइंडरला जोडायचं, नाहीतर पाण्यानं मारून जमीन वाळेपर्यंत थांबायचं, मालक नाही म्हणाला तर काम सोडायचं. मी त्यांना म्हणालो, तुम्हीही एकदा फोटो काढून घ्या. ते म्हणाले, "कळून काय करू, बेटा?" आणि स्कूटरला किक मारली.

डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं की हा कामानं झालेला आजार आहे, अर्ज करा. मी सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि विचारलं, या बाई तिथं कामाला होत्या याचा कागद काय आहे? कागद काहीच नव्हता. शेडच्या गेटवर वॉचमन रजिस्टर ठेवायचे, त्यात माझं नाव असायचं आणि पुढं लिहिलेलं असायचं, 'सोबत बाई'. मी तेही शोधायला गेलो. दोन ठिकाणी रजिस्टर रद्दीत गेलं होतं, तिसऱ्या ठिकाणी वॉचमन बदलला होता. आठ वर्षं तिनं जिल्हाभर जमिनी भरल्या. त्या सगळ्यांवरून आज गाड्या फिरतायत. पण तिनं त्या भरल्या, असं कुठंही लिहिलेलं नाही.

पुण्याहून आल्यावर ती चौदा महिने होती. शेवटी शेवटी आडवं होता येत नव्हतं, उशा लावून बसून झोपायची. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलं होतं. मी कामावर जायला तयार नव्हतो, तर चिडायची. "हितं बसून माजं त्वांड बगून काय हुनार हाय? जावा."

त्या दिवशीही तिनंच मला पाठवलं. उन्हाळ्याची सुट्टी होती, मुलगी घरी होती. मी सुप्याला एका शेडमध्ये काम करत होतो. सकाळचे साडेअकरा असतील. दोन डब्यांतलं केमिकल एकत्र करून मी नुकतंच गनमध्ये भरलं होतं. एकत्र केलं की ते दहा-बारा मिनिटांत दगड होतं, तेवढ्या वेळात ते कापात जावं लागतं. तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा होता.

"पप्पा, आई उठत नाहीये. शेजारच्या काकू आल्यात. त्या म्हणतायत तुम्ही या."

"बाळा, आई श्वास घेतीय का?"

तिची पावलं ऐकू आली. मग म्हणाली, "मशीनचा आवाज येतोय."

मी येतो म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. त्यानंतर मी जे केलं ते मला आजही उलगडत नाही. मी खाली बसलो आणि गनमधलं केमिकल संपेपर्यंत ओळ भरली. पाच-सहा फूट असेल. डोक्यात एवढंच होतं की कालवलेलं वाया जाईल. ओळ संपली, मी गन खाली ठेवली, मास्क काढला, आणि मग मला उठता येईना. चाचांनी काखेत हात घालून मला उभं केलं आणि स्कूटरवर बसवलं.

घरी पोहोचलो तेव्हा काकूंनी मशीन बंद केलं होतं. मुलगी आईला चिकटून बसली होती, अजिबात न घाबरता, तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन.

मुलगी आता नववीत आहे. आम्ही दोघंच असतो. मी अजून हेच काम करतो, दुसरं येत नाही. चाचा मागल्या वर्षापासून घरीच आहेत, त्यांना जिना चढवत नाही. फोटो त्यांनी काढला नाही तो नाहीच.

गेल्या पावसाळ्यात मुलगी विज्ञानाचा धडा वाचत बसली होती. मी भाजी चिरत होतो. ती अचानक म्हणाली, "पप्पा, तुम्ही आणि आई एकाच ठिकाणी काम करायचात ना?"

"हो."

"मग तुमचा एक्स-रे चांगला कसा आला?"

तिच्या आईनं डॉक्टरांना सांगितलेलं उत्तर माझ्याकडं तयार होतं. ते दिलं असतं तर तिनं मानलं असतं. मी विळी बाजूला केली आणि तिला खरं सांगितलं. एक मास्क होता. तो मी घालत होतो. आई मागून झाडत होती. पुण्याच्या डॉक्टरीण बाईंना आई खोटं बोलली, आणि मी बोलू दिलं.

तिनं पुस्तक मिटलं, दप्तरात ठेवलं आणि तोंड भिंतीकडं करून झोपली. जेवली नाही. पुढचे चार दिवस कामापुरतं बोलायची. डबा घेतला, शाळेत जाते, चावी कुठं आहे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी कपडे वाळत घालत होतो, तर ती येऊन शेजारी उभी राहिली.

"आईनं मागितला होता का मास्क?"

"नाही."

"तुम्ही विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"किती वेळा?"

"एकदा."

ती माझ्याकडं बघत राहिली. आईसारखे डोळे आहेत तिचे, थेट बघणारे. मग तिनं बादलीतला माझा शर्ट काढला, पिळला, झटकला आणि दोरीवर टाकला. चिमटे लावून झाल्यावर म्हणाली, "उद्या पालकसभा आहे. दहाला. येणार ना?"

मी येतो म्हणालो.